आमच्या लेकीचं काम

“हे पहिलं आहे ना, ते विचारून घेतं,” झेरॉक्सवाली म्हणाली. “म्हणजे आधी तुमच्या लेकीला निरोप जाणार, की अमुक ब्लॉगवर तुमचे फोटो दाखवायचेत, चालेल का? ती हो म्हणाली तरच इथे दिसणार.”

“पुढचं दाखव,” जाऊबाई म्हणाल्या.

“अहो, ऐकून तरी घ्या. सगळ्यांत चांगलं विजेट हेच आहे. मध्ये जाहिरात नाही, काही नाही.”

“पुढचं दाखव म्हटलं ना!”

मी काजं करत होते. सुई तशीच धरून मी मान वर केली. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि झेरॉक्सवाली स्वतःचं मशीन नवऱ्याच्या भरवशावर सोडून आमच्या कापायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली. बाई गुणाची आहे. झेरॉक्स काढते, लोकांना ऑनलाइन कामं करून देते, वेबसाइट बनवते. फक्त एकदा बोलायला लागली की तिला बंद करायचं बटण नाही.

“ती नाही म्हणेल म्हणून विचारायचंच नाही, हे कुठलं हो ताई?” मी म्हटलं.

“तू काजं कर,” जाऊबाई म्हणाल्या.

मी फटकळ आहे असं सगळे म्हणतात. असेन. पण थोरल्या जाऊबाईंसमोर माझं काही चालत नाही. आम्ही दोघी सख्ख्या जावा, आणि आमचं अल्टरेशनचं दुकान आहे. नवीन काही शिवत नाही. शिवलेलं नीट करून देतो. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची. काम झालं की कपड्याला चिठ्ठी टोचून भिंतीवरच्या खुंटीला टांगायचं. माणूस येतो, आपलं घेऊन जातो. इतका साधा धंदा.

ब्लॉग सुरू केला तो टाचणीने. टाचणी म्हणजे जाऊबाईंची एकुलती लेक. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोचरी, म्हणून तिच्या बापाने ठेवलेलं नाव. लग्नाआधी ती दुकानात बसायची तेव्हा तिनेच जाऊबाईंच्या हातांचे फोटो काढले, चेन कशी बसवायची, गुडघ्यावर फाटलेली पँट कशी सांधायची, ते पायरीपायरीने लिहिलं आणि लावून टाकलं. लोक वाचायला लागले. कुठूनकुठून शंका विचारायला लागले. टाचणी गेल्यावर जाऊबाई स्वतः शिकल्या आणि एका बोटाने टाइप करत तो ब्लॉग त्यांनी चालू ठेवला. पोरीची तेवढीच एक गोष्ट त्यांच्याकडे उरली होती.

गेल्यावर म्हणजे, मेली नाही. तेही सांगते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी टाचणी भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून दुकानात आली. शटर अर्धं खाली ओढलं आणि बाही वर करून हात दाखवला. मी बघितला, जाऊबाईंनीही बघितला. जाऊबाई म्हणाल्या, “संसारात होतं असं. जरा सबुरीने घ्यायचं.” तिला जेवायला वाढलं आणि संध्याकाळी स्वतः नवऱ्याच्या दारापर्यंत नेऊन सोडून आल्या. जायचंय का, हे पोरीला कुणी विचारलंच नाही. मी भांडले. मोठ्याने भांडले. पण लेक त्यांची, शब्द त्यांचा. त्यानंतर काही महिन्यांनी टाचणी त्या घरातूनही निघून गेली. कुठे गेली, ते ना नवऱ्याला माहीत, ना आईला. फोन नंबर बंद. चार वर्षं झाली.

आणि मग एक दिवस शाळेतल्या एक बाई एक कापडी पिशवी घेऊन आल्या. बंद लांब करून हवे होते. चांगली जाडजूड पिशवी, आतून अस्तर. जाऊबाईंनी ती सवयीने उलटी केली आणि कोपऱ्यावर त्यांचं बोट थांबलं. कोपऱ्यात शिलाई वळवताना टाचणी मशीन थांबवायची, चाक हाताने फिरवून दोन टाके घ्यायची, आणि उरलेला दोरा कापायचा सोडून सुईने आत ओवून टाकायची. “कोण बघतंय आतून?” म्हणून जाऊबाई तिच्यावर किती ओरडायच्या. त्या पिशवीचे चारही कोपरे तसे होते.

“ही कुठे घेतलीत?” जाऊबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा. मी ओळखते तो आवाज.

“ऑनलाइन मागवली हो. आत कापडी लेबल आहे बघा, त्यावर खात्याचं नाव आहे.”

लेबलावर खात्याचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. बाईंची पाठ वळते न वळते तोच जाऊबाईंनी ते फोनवर शोधलं. पिशव्यांचे फोटोच फोटो. चेहरा कुठेच नाही, फक्त हात. पण आईला हात पुरतात. जाऊबाई रडल्या नाहीत, त्यांनी लगेच दुकानाच्या खात्यावरून फॉलोचं बटण दाबलं. दाबू नका, असं म्हणायला मला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. चहा होईपर्यंत ते खातं दिसेनासं झालं. झेरॉक्सवालीच्या फोनवर दिसत होतं, आमच्याकडे नाही.

“ब्लॉक केलंय तुम्हाला,” झेरॉक्सवाली म्हणाली. ती काही वाईट हेतूने नाही बोलली, पण तोंडात मारल्यासारखं झालं.

“मग हिच्या फोनवर बघा की रोज,” मी म्हटलं. “खातं उघडंच आहे. पिशव्या विकायच्या तर तिला ते बंद ठेवून चालणार नाही.”

“चोरून बघायला ती काय परकी आहे?” जाऊबाई उसळल्या. “माझा ब्लॉग आहे. तिनेच करून दिलाय. माझ्या कामाशेजारी तिचं काम दिसू दे. इतके लोक येतात वाचायला, चार जण तिच्या पिशव्या घेतील. आई म्हणून तेवढं तरी करू दे मला.”

तर असं ते विजेट शोधणं चाललं होतं, म्हणजे तिच्या खात्यातलं आमच्या ब्लॉगवर आपोआप दाखवणारा चौकोन. जाऊबाई त्याला खिडकी म्हणायच्या.

“हे दुसरं,” झेरॉक्सवालीने दाखवलं. “यात मालकाची परवानगी लागत नाही, नुसतं खात्याचं नाव टाकायचं. पण फक्त फोटो येतात, ती लिहिते ते येत नाही. आणि खाली वजन कमी करायच्या औषधाची जाहिरात येईल.”

“आणि तिसरं?”

“तिसऱ्यात सगळंच येतं. फोटो, तिने खाली लिहिलेलं, सगळं. तिने तिकडे टाकलं की थोड्या वेळात इकडे. थोडं रडतखडत चालतं, पण चालतं.”

“दुसरं घ्या,” मी म्हटलं. “औषधाची जाहिरात तर जाहिरात. ताई, ती पोरगी लपून राहिलीय. तिचं लिहिलेलं तुमच्या नावाखाली कशाला जगजाहीर करताय?”

“लपून कुणापासून? माझ्यापासून! त्याने तर दुसरं घर मांडलंय म्हणे. तो कशाला बघतोय चेन बदलायचे धडे?” मग त्या जरा खालच्या पट्टीत म्हणाल्या, “धाकटे, पिशव्यांचे फोटो घेऊन काय करू? चार वर्षं तिचा एक शब्द कानावर नाही. मला तिचे शब्द हवेत गं.”

मी परत काजं करायला लागले. तिसरं विजेट लागलं. झेरॉक्सवालीने विचारलं, वर नाव काय देऊ? जाऊबाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने लिहिलं, ‘आमच्या लेकीचं काम’.

मी खोटं बोलणार नाही, ते दिवस बरे गेले. सकाळी शटर वर गेलं की जाऊबाई आधी खिडकी उघडायच्या आणि मला मोठ्याने वाचून दाखवायच्या. टाचणी लिहायची बोलल्यासारखीच. ‘या निळ्या पिशवीला आत वेगळा खिसा आहे. दारात उभं राहून किल्ल्या शोधत बसू नका.’ ‘पाठ मोडली, पण ऑर्डर पूर्ण झाली.’ एकदा फोटोत रिळाशेजारी मांजर. ‘हिने दोरा पळवलाय. उशीर झाला तर हिला बोला.’

“हिने मांजर पाळलंय!” जाऊबाईंना हसू आवरेना. “घरात शेपटी दिसली तरी खुर्चीवर चढायची ती ही!”

कितीतरी वर्षांनी ती बाई हसत होती. गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायची. कुणी पिशवी मागवली की दिवसभर खूश. मीसुद्धा म्हटलं, जाऊ दे, आपलंच चुकलं असेल, उगीच जीव टांगणीला लावून बसतो आपण.

मग एका शुक्रवारी खिडकीत आलं, ‘या रविवारी जुन्या पुलापलीकडच्या हॉलमध्ये माझा स्टॉल आहे. दारातून शिरलं की डावीकडे. या.’

जाऊबाईंनी दिवसभर ते पुन्हा पुन्हा उघडून वाचलं. संध्याकाळी म्हणाल्या, “लांबून बघून आले तर?”

“तिने बघितलं तर मांडलेलं टेबल उचलून जाईल ती.”

“हो. जाईल.” त्यांनी मान हलवली. रविवारी त्या गेल्या नाहीत. दुकानाला सुट्टी असूनही येऊन बसल्या आणि सबंध दिवस बटणांचे डबे लावत राहिल्या. मनाला किती आवर घातला ते मी पाहिलंय, म्हणून सांगते.

सोमवारी जावई आला.

चार वर्षांनीही तो तसाच होता. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला असतो, गोड बोलायचाच पगार घेतो. काखेत टाचणीची पिशवी होती. निळी.

“कशा आहात आई?” खुर्ची ओढून तो बसला. “काकू, तुम्ही पण बऱ्या? काल लेकीला भेटून आलो तुमच्या.”

मशीनवरचा माझा पाय थांबला.

“म्हणजे काही बोललो नाही हो मी. समोर एक खुर्ची घेतली आणि बसलो. सकाळी उघडल्यापासून बंद होईपर्यंत. नुसतं बसायलाही बंदी आहे का माणसाला? बारीक झालीय. पैसे मोजताना दोनदा चुकली.” तो हसला. “तुमच्या ब्लॉगवर वाचलं नसतं तर मला कळलंच नसतं. मी आपला अधूनमधून बघतो, सवय. निघताना तेवढं तिला सांगितलं, उगीच कशाला लपतेस? तुझ्या आईनेच लिहिलंय, आमच्या लेकीचं काम. आईनेच पत्ता दिलाय.”

जावयाने पिशवी टेबलावर ठेवली.

“एक विकत घेतली. लगेच चेन निघाली बघा. तुमच्या हाताखाली शिकूनसुद्धा! लावून ठेवा, परवा नेतो.”

चेन निघाली नव्हती. ओढून काढली होती, कापडासकट.

तो गेला आणि माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत जाऊबाईंना मी अहो-जाहो करणं सोडलं नव्हतं. “बघितलंस?” मी ओरडले. “बघितलंस काय केलंस ते? तेव्हाही तिला विचारलं नाहीस, हाताला धरून त्याच्या दारात नेऊन ठेवलीस. आताही विचारलं नाहीस. ते मशीन विचारत होतं गं, तेसुद्धा म्हणत होतं आधी लेकीला विचारा म्हणून!”

त्या पिशवी मांडीवर घेऊन फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवत बसल्या. मला वाटलं होतं त्या रागावतील, मग मला रडता येईल. तसं काही झालं नाही.

दुपारी झेरॉक्सवाली धावत आली. चप्पल दाराबाहेर एकावर एक पडली तिची. “खिडकी बघितलीत का? बघा आधी.”

मी फोन उघडून मध्ये धरला. खिडकीतल्या पिशव्या गेल्या होत्या. मांजर गेली होती. एकच फोटो उरला होता, एका रिकाम्या टेबलाचा. त्याखाली लिहिलं होतं,

‘आई, हे काढून टाक. आता तरी माझं ऐक.’

आम्ही तिघी तेवढंच वाचत राहिलो. जाऊबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग बोट नेऊन पहिल्या शब्दाखाली ठेवलं.

“मला आई म्हणाली,” त्या म्हणाल्या.

झेरॉक्सवालीने फोन घ्यायला हात पुढे केला. “काकू, मी काढते. तुम्ही नका बघू.”

“थांब.”

“बरं, असं करू का? याचा फोटो काढून ठेवते आधी. कागदावर छापून देते. तुमच्याजवळ राहील.”

मला तिचं म्हणणं पटलं, खरं सांगते. चार वर्षांतून एकदा आलेला शब्द. तो असा पुसून कसा टाकायचा? जाऊबाईंनी तो पुन्हा एकदा वाचला.

“नको,” त्या म्हणाल्या. “काढ म्हणालीय ती. कुठे दाबायचं ते दाखव. मी काढते.”

आधी त्यांनी वरचं नाव पुसलं, एकेक अक्षर. मग खिडकी. पडद्यावर प्रश्न आला, नक्की काढायचं का? जाऊबाईंनी ‘हो’ दाबलं. खालचा मजकूर सरकून वर आला, आणि तिथे चेन बदलायच्या पहिल्या पायरीचा फोटो येऊन बसला. जाऊबाईंचेच हात, टाचणीने काढलेले. मध्ये काही होतं याची खूणसुद्धा राहिली नाही.

संध्याकाळपर्यंत टाचणीचं खातं झेरॉक्सवालीच्या फोनवरूनही गेलं. शाळेतल्या बाईंनी आधीच पैसे भरून आणखी मागवलेल्या पिशव्या मात्र दोन दिवसांनी त्यांच्या घरी पोचल्या. नीट बांधलेल्या. सोबत चिठ्ठी नव्हती, पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता. चार वर्षं खपून पोरीने मांडलेलं सगळं असं एका रविवारात उठलं. ती कुठे गेली, मांजर बरोबर नेली का, पुन्हा शून्यापासून कशी सुरुवात करणार, मला काही माहीत नाही. विचार आला की हातातलं काम चुकतं.

ठरल्याप्रमाणे जावई पिशवी न्यायला आला. ती समोरच खुंटीला टांगलेली होती. जाऊबाईंनी फाटलेली कड कापून नवी पट्टी जोडली होती, नवी चेन बसवली होती. कोपऱ्यात मशीन थांबवून चाक हाताने फिरवलं होतं आणि दोरा आत ओवला होता. मी बघत होते. पहिल्यांदाच त्यांनी तसं केलं.

“वा! झाली की,” म्हणत तो खुंटीकडे हात न्यायला लागला.

“हात खाली घ्या,” जाऊबाई म्हणाल्या.

“विकत घेतलीय मी ती, आई.”

“मला आई म्हणू नका.”

हाच माणूस पूर्वी आला की ही बाई खुर्ची पुसायची, ‘बसा जावईबापू’ म्हणायची. आज ती खुंटी आणि त्याच्यामध्ये उभी राहिली. उंचीने त्याच्या खांद्याला लागते. मी मोठी कात्री हातात घेतली. वापरणार नव्हते, पण त्याला काय ठाऊक? दारात झेरॉक्सवाली फोन समोर धरून उभी होती, आणि तिच्यामागे तिचा नवरा.

तो सगळ्यांकडे बघून हसला. “तुमची लेक काय, लांब जाऊन जाऊन जाणार कुठे? सापडेल,” म्हणाला. अगदी मऊ आवाजात. आणि गेला.

त्याचं ते वाक्य अजून या दुकानात आहे. शटर पाडलं तरी जात नाही. जाऊबाई आता ब्लॉगवर फक्त चेनी आणि गुडघे लिहितात. कुणी खाली विचारतं, त्या पिशव्या कुठे मिळतील? त्या उत्तर देत नाहीत.

पिशवी अजून खुंटीलाच आहे. रोज दुकान उघडलं की जाऊबाई तिची चेन एकदा उघडून बघतात आणि लावतात, अडकत नाही ना म्हणून. टाचणी काही यायची नाही. मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे.

काल एक नवीन गिऱ्हाईक आलं होतं, ड्रेसच्या बाह्या आखूड करायला. माप देता देता तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

“ती निळी पिशवी छान आहे हो. विकायची आहे का?”

“नाही,” जाऊबाई टेप गुंडाळत म्हणाल्या. “तयार झालीय. फक्त न्यायला यायचीय.”